तारेला चिकटलेलं अंडं

३ फेब्रुवारी

ताई,

अक्षर ओळखून तू पाकीट तसंच कपाटात टाकशील, म्हणून पत्ता आमच्या ऑफिसातल्या कारकुनाकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. फोन तू घेत नाहीस, म्हणून ही कागदावरची कटकट.

मला अंडाशयाचा कॅन्सर झालाय. ऑपरेशन डिसेंबरात झालं. काढायचं ते काढलं, आता दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध देतात. केस गेले, भुवया गेल्या. जेवण जातं, झोप लागते. तू विचारणार नाहीस, तरी सांगते, मला फारसं काही वाटत नाही. दाढ काढताना ओढाओढ कळते पण दुखत नाही, तसं चाललंय. औषध घ्यायला शेजारच्या खाटेवर एक बाई असते. ती रडते, आणि मी रडत नाही म्हणून माझ्याकडे संशयाने बघते.

तुला कीव यावी म्हणून हे लिहीत नाहीये. महत्त्वाचं पुढेच आहे.

माझं रक्त तपासलं तेव्हा त्यात एक जनुक बिघडलेलं निघालं. हा बिघाड जन्मापासूनचा. बहुतेक बाबांकडून आला असणार. आत्या कशाने गेली ते आठव. ज्या बाईत तो असतो तिला हा आजार होण्याची भीती इतरांपेक्षा कितीतरी जास्त, आणि तिला मूल झालं तर त्याच्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. आधी कळलं तर पुष्कळ काही करता येतं. माझ्यासारखं उशिरा कळलं तर जे करता येतं ते मी सध्या करतेच आहे.

हे समजावणाऱ्या डॉक्टर अगदी तरुण होत्या. त्यांनी मला वाटाण्यांचं उदाहरण देऊन अनुवंश शिकवला. मी मुकाट्याने शिकले. जन्मभर हाच धंदा केलाय हे सांगायचा कंटाळा आला. शेवटी त्यांनी विचारलं, "मुलंबाळं?" मी म्हटलं, "नाही. लग्नच केलं नाही." त्या म्हणाल्या, "चला, तेवढी एक काळजी मिटली."

मिटली नाही, ताई. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. भावोजी होते तोवर त्यांनाही माहीत होतं. खारू तुझ्या पोटातून आली, तू तिला नऊ महिने वागवलंस, दूध पाजलंस, ती तुझीच मुलगी. पण तुझी बीजं तिशीतच संपली होती, आणि ज्या बीजातून ती झाली ते माझं होतं. मी ते आनंदाने दिलं. कधी कोणाला सांगणार नाही अशी तुझ्या गळ्याची शपथही घेतली. भावोजी गेल्यावर मी एवढंच विचारलं, की आता ती मोठी झालीय, सांगायचं का तिला? तर तू मला दार दाखवलंस. ते असो. तो विषय मी पुन्हा काढत नाहीये.

खारूची तपासणी व्हायला हवी. काय सांगून करायची ते तू ठरव. मी शपथ मोडणार नाही. पण तू काहीतरी कर.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. मी टपालाच्या पेटीत रोज बघते असं समजू नकोस. जाता-येता बघते.

माझं दुखणं मी खारूला फोनवर सांगितलंय. तेवढं सांगायला शपथेची आडकाठी नव्हती. आपल्या घराण्यातला हा बिघाड आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तू जेवतेस ना नीट?" हे तुझंच वळण आहे. घर जळत असलं तरी तू आधी जेवणाचं विचारतेस.

मी कामावर जायला लागलेय, अर्धा दिवस. टोपी घालते. आमच्या लॅबच्या प्रमुख, ज्यांना तू एकदाच भेटलीस आणि 'जंतांच्या हेडबाई' म्हणालीस, त्यांना माझ्याशी काय बोलावं सुचत नाही. म्हणून त्या माझ्याशी फक्त जंतांबद्दल बोलतात. मला ते बरं पडतं.

तू सगळ्यांना सांगायचीस, माझी बहीण जंत पाळते. खोटं नाही ते. पण हे कोणाच्या पोटातले नव्हेत, मातीतले, मिलिमीटरभर लांबीचे, काचेसारखे आरपार. शंभरदा सांगितलं तरी माझ्याकडे आलीस की तू दोनदोनदा हात धुवायचीस. मी त्यांचं नक्की काय करते, हे मात्र कधी विचारलं नाहीस. पत्रातून मध्येच उठून कणीक मळायला जाता येत नाही, म्हणून आता सांगते. जाता येतं म्हणा, पण परत आल्यावर मी इथेच असेन.

जंताच्या अंगात एखादं जनुक गप्प बसवायचं असेल, तर त्याला एका खास जिवाणूचं खाणं घालायचं. त्या जिवाणूत आरएनएचा एक तुकडा असतो. तो पोटात गेला की जंताच्या पेशी तो तुकडा घेऊन शोधत सुटतात, आणि त्याच्याशी जुळणारा, त्या जनुकाने धाडलेला निरोप दिसला की तोडून टाकतात. जनुक जागच्या जागी असतं, पण त्याचं कोणी ऐकत नाही. गंमत पुढे आहे. या जंताच्या पिल्लांनी ते खाणं कधी चाखलेलंही नसतं, तरी त्यांच्यातही ते जनुक गप्प असतं. कधीकधी नातवंडांतही. आईने तोंडात मिठाची गुळणी धरली, तर नातीच्या तोंडातूनही शब्द फुटत नाही.

हे सगळं बीजपेशींमधून पुढे जातं. तिथे काही जनुकं अशी आहेत की ती दोन कामं करतात. एक, बीजपेशी नीट वाढवायच्या. दोन, जे गप्प ठेवायचं ते गप्प ठेवायचं. त्यातलं एक आम्ही मोडून बघतोय. ते मोडलं की जंत लगेच मरत नाही. धडधाकट दिसतो. पण दर पिढीला पिल्लं कमी होत जातात, आणि एक दिवस ते वाढवायच्या प्लेटवर नुसते म्हातारे जंत फिरत असतात. हेडबाई भाषणात म्हणतात, गप्प बसवणं आणि वंश चालवणं एकाच हातात असतं. टाळ्या पडतात.

तू म्हणशील, मग बरोबरच केलं मी, गप्प बसले म्हणून वंश चालला. पण बाई गं, गप्प बसवलेलं जनुक पुसलं जात नाही. ते तिथेच असतं. खारूत ते असेल तर असेल, आपण बोलो वा न बोलो.

तपासणी कर तिची.

धाकटी


१७ मार्च

ताई,

तुझं पाकीट मिळालं. आत एकच कागद, तुझ्या रक्ताचा रिपोर्ट, 'बिघाड आढळला नाही'. सोबत तुझी एक ओळ नाही. इतक्या वर्षांनी तुझ्याकडून टपाल आलं, तेही मशीनने छापलेलं.

तुला नाही, हे फार चांगलं झालं. मनापासून म्हणते. मला आधी वाटलं, तू स्वतःपुरती घाबरलीस आणि तपासून घेतलंस. तुझा डाव लक्षात आला तो खारूचा फोन आल्यावर.

"मावशी, आई म्हणाली, तिचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, आईकडे नाही म्हणजे माझ्यापर्यंत यायचा रस्ताच बंद. मला तपासायचीसुद्धा गरज नाही."

आवाजात इतकं हलकेपण होतं की मी "छान झालं" म्हणाले. मग तिने माझी चौकशी केली, मी माझ्या रक्तातल्या पेशींचे आकडे सांगितले, आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. काही वाटलं का? तेव्हा नाही. संध्याकाळी भात लावला आणि गॅस पेटवायचाच राहिला, एवढंच.

त्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही. पुस्तकात असंच लिहिलंय. मावशीला आजार, मग आधी आईला तपासा, आईत नसेल तर मुलीला कशाला उगाच टोचा. त्यांना समोर आई दिसली आणि मुलगी दिसली. आपली आई म्हणायची ना, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. तू स्वतःहून पखाल होऊन गेलीस आणि डाग घेऊन आलीस.

आमच्याकडे मागच्या महिन्यात काय झालं ते सांगते. ते जनुक मोडलेली आमची एक जात होती, पिल्लं कमी होत होत संपायला आलेली. एका सकाळी बघतो तर एका प्लेटवर पिल्लांची नुसती जत्रा. हेडबाई हरखल्या. वंश परत सुरू झाला म्हणजे केवढा शोध. माझा सहकारी तर मथळा कोणता द्यायचा यावर आला. मी म्हटलं, थांबा जरा. आम्ही जंत एका प्लेटवरून दुसऱ्यावर नेतो ते प्लॅटिनमच्या बारीक तारेने, आणि दर वेळी तार ज्योतीत लाल करून घ्यायची असते. घाई असली की माणूस ते विसरतो. मग आधीच्या प्लेटवरचं एखादं अंडं तारेला चिकटून येतं, नव्या प्लेटवर पडतं, फुटतं, वाढतं. आपण बघतो तेव्हा प्लेटवर एक आई आणि तिच्या भोवती पिल्लं. झाकणावर तिचंच नाव. पिल्लं दुसऱ्याच कुणाची असतात.

मी त्यातलं एकेक पिल्लू घेऊन त्याचं जनुक वाचलं. धडधाकट निघालं, मोडलेलं नव्हतंच. शोध बारगळला. सहकारी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तुझ्यापुढे तो अगदीच कच्चा.

आपल्या घरात उलटं आहे. आमच्या प्लेटवर आई बिघडलेली होती आणि पिल्लं चांगली. इथे आई चांगली आहे, आणि पिल्लाचं काय ते कोणी बघितलेलंच नाही. आणि तुझ्या त्या चांगल्या रिपोर्टमुळे आता कोणी बघणारही नाही. तू काहीच केलं नसतंस तर निदान संशय तरी उरला असता.

तुला हे माहीत नव्हतं असं मी धरून चालते. रिपोर्ट दाखवून मला गप्प करू, एवढंच तुझ्या मनात असणार. पण खारूनेही तोच खरा धरलाय. तिला सांग. पाया पडते.

धाकटी


६ एप्रिल

ताई,

खारू रविवारी येऊन गेली. तुला सांगून आली की न सांगता, मी विचारलं नाही. चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीत तिला रविवारच मिळतो. दिवसभर लोकांना 'वरची ओळ वाचा, आता खालची' सांगून तिचा घसा बसला होता.

आल्या आल्या तिने माझा फ्रिज उघडला आणि मला झापलं. मग खाली जाऊन पिशव्या भरून सामान आणलं, दुधाच्या पिशव्या तारखेप्रमाणे लावल्या, औषधांच्या डब्यावर दिवसांची नावं लिहिली. मी आपली पलंगावर बसून होते. मध्येच ती म्हणाली, "डॉक्टरांनी आधी मला एक तारीख दिली होती तपासणीची. रद्द केली. आईला नाही तर उगाच कशाला."

मी तोंड उघडलं.

"काय गं मावशी?"

"पंखा कमी कर जरा."

तिने पंखा कमी केला. मला थंडी नव्हती. जेवताना पुन्हा तेच झालं, मी मीठ मागितलं. निघताना दारात तिसऱ्यांदा. तेव्हा तिने माझी टोपी नीट केली आणि म्हणाली, "तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "रस्ता बघून ओलांड." चोवीस वर्षांच्या घोडीला. ती हसली आणि गेली. खिडकीतून पाहिलं, खरंच दोन्हीकडे बघून ओलांडला तिने.

ताई, मला तुझा राग यायला हवा. शोधून पाहिला, सापडत नाही. त्यामुळे हे मी अगदी थंड डोक्याने लिहितेय. खारू पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे. तोवर तू काही केलं नाहीस तर मी तिला सांगेन. सगळं. शपथ तुझ्या गळ्याची घेतली होती, तुझ्या गळ्याला काही होणार नाही. शपथा मोडून कोणी मेलेलं मी पाहिलं नाही. या दुखण्याने मेलेल्या मात्र दोघी, या तीन महिन्यांत, माझ्याच वॉर्डातल्या.

तुला कशाची भीती आहे ते मला कळतं. ती मला आई म्हणेल, तुला सोडून माझ्याकडे येईल, घर तुला खायला उठेल. मला तिच्याकडून काही नको. मावशी म्हणते तेवढं मला पुष्कळ आहे. मी कधी जास्तीचं मागितलं का? तूच आठव.

तुला आधी कळवते आहे, पाठीमागून करत नाहीये.

धाकटी


११ मे

ताई,

खारू काल येऊन गेली.

आली ती सरळ माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. फ्रिज उघडला नाही. म्हणाली, "मावशी, आईने मला सगळं सांगितलं."

माझ्या हातात चहाचा कप होता, तो खाली ठेवला. छातीत असं काही उठलं की मला वाटलं औषधाचाच परिणाम. या चार-पाच महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते काय होतं ते तुला सांगते, कारण तुझ्याशी तरी खोटं कशाला बोलू. मला आनंद झाला. मागच्या पत्रात लिहिलं ना, मला काही नको म्हणून? ते खरं नव्हतं. तेवढ्यात मी ठरवूनही टाकलं होतं, की ती आता मला काय म्हणू विचारेल, आणि मी म्हणेन, मावशीच म्हण गं, सवय झालीय. तिने आग्रह करावा असंही मनात येऊन गेलं.

मी विचारलं, "सगळं म्हणजे?"

"तिने रिपोर्टबद्दल खोटं सांगितलं होतं. तिच्यातही तो बिघाड आहे. मी घाबरेन म्हणून लपवलं, आणि मग तिला राहवेना. खूप रडली. मी तिला इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हासुद्धा."

मी कप पुन्हा उचलला. चहा पिऊन संपवला.

ताई, हे तुला सुचलं कसं? मी तर दोनच वाटा पाहत होते, बोलायचं किंवा गप्प बसायचं. तू माझं दुखणं स्वतःच्या अंगावर घेतलंस. मुलगी वाचावी म्हणून घेतलंस, आणि ती तुझीच राहावी म्हणूनही. दोन्ही एका दगडात. लहानपणी पत्ते खेळताना तू हुकूम शेवटपर्यंत दाबून ठेवायचीस आणि मी दर वेळी हरायचे.

तिने तपासणी करून घेतली. डॉक्टरांना माझा रिपोर्ट पुरला, तुझा मागितला नाही, ते बरं झालं. तिने तुला निकाल सांगितलाच असेल, पण मला सांगताना ती कशी होती ते तुला कळावं म्हणून लिहिते. तिच्यात आहे. हे तिने दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं. दरवर्षी तपासण्या करायच्या, पस्तिशीच्या पुढे अंडाशय काढायचा विचार करायचा, मूल हवं असेल तर त्याच्या आत. तिने सगळं नीट समजून घेतलंय, माझ्यापेक्षाही नीट. अजून तिला काही झालेलं नाही. काही व्हायच्या आधी कळलंय. हे वाक्य मी कालपासून पुन्हा पुन्हा म्हणतेय.

आता तुझ्यासाठी. खारू तुला सोडणार नाही. तुला तपासण्यांना नेईल, डॉक्टरांसमोर बसवेल, तुझं ऑपरेशन करा म्हणून त्यांच्या मागे लागेल. नेईल तिथे जा. पण आधी एकटी जाऊन डॉक्टरांना खरं सांग, ते त्यांच्याच पोटात राहील. नाहीतर तुझं चांगलं पोट उगाच फाडतील. तुझा तो चांगला रिपोर्ट मी फाडून टाकलाय, घरी दुसरी प्रत असेल तर तूही फाड. खारूने मला कधी विचारलं तर मी सांगेन, तुझ्या आईचा रिपोर्ट मी डोळ्यांनी पाहिलाय, तिच्यात आहे. मला तुझ्यासारखं खोटं बोलता येत नाही, पण एवढं येईल.

माझं सांगायचं तर औषधाचे दोन फेरे उरलेत. जमलं तर ये. नाही जमलं तरी चालेल, खारू येते.

एक राहिलं. लिहू की नको असं झालं होतं, पण तुझा त्यावर हक्क आहे.

निघताना ती दारात चपला घालत होती. मी विचारलं, "घाबरलीस का गं?" तिने जरा विचार केला. म्हणाली, "घाबरलेय. पण खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. लहानपणापासून ज्याला त्याला म्हणायचं असतं, ही अगदी मावशीवर गेलीय. नाक मावशीचं, कपाळ मावशीचं, चालणं मावशीचं. आई हसून सोडून द्यायची, पण तिला लागायचं, मला कळायचं. आता बघ ना, निदान एक गोष्ट तरी माझ्यात आईची निघाली."

मी म्हटलं, "हो गं. ही आईचीच."

धाकटी